शोधनिबंध वाचणारी यंत्रे आणि ग्वाल्हेर

वैज्ञानिक संशोधन आज इतक्या वेगाने प्रसिद्ध होते की आपल्या विषयातील प्रत्येक निबंध वाचणे कोणत्याही अभ्यासकाच्या आवाक्यात राहिलेले नाही. जीववैद्यकाच्या पबमेड या एकाच सूचीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. माणसाची भाषा संगणकाला हाताळता यावी यासाठी होणाऱ्या अभ्यासाला नैसर्गिक भाषा प्रक्रिया म्हणतात, आणि शोधनिबंधांतील औषधे, रोग, जनुके व रसायने यांची नावे ओळखणे, त्यांच्यातील संबंध टिपणे आणि कोणता निबंध कोणाच्या आधारावर उभा आहे हे शोधणे, हे तिचे एक स्वतंत्र क्षेत्र झाले आहे.

या क्षेत्राचे सामर्थ्य प्रथम दाखवून दिले ते शिकागो विद्यापीठातील माहितीशास्त्राचे प्राध्यापक डॉन स्वॉन्सन यांनी, आणि ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आखडणाऱ्या रेनो या विकारात रक्ताचा दाटपणा वाढलेला असतो असे काही निबंध सांगत होते, तर मत्स्यतेलाने हा दाटपणा कमी होतो असे दुसरे काही निबंध सांगत होते. मात्र हे दोन्ही गट एकमेकांचा उल्लेखही करत नव्हते. मत्स्यतेल या विकारावर उपयोगी पडेल, हे अनुमान स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये केवळ छापील मजकुरावरून मांडले आणि पुढे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णांवरील चाचणीने त्याला आधार मिळाला. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हाच विचार यंत्राकडे सोपवला. मटेरियल सायन्समधील सुमारे ३३ लाख निबंधसारांश संगणकाला वाचायला देऊन, शब्दांच्या सोबतीवरून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक मालिका त्यांनी मिळवून दिली, आणि उष्णतेपासून वीज निर्माण करणारी काही द्रव्ये त्यांचा शोध प्रसिद्ध होण्याच्या कित्येक वर्षे आधीच जुन्या मजकुरातून सुचवता आली असती, असे दाखवले.

यंत्र काय शिकते हे त्याला काय वाचायला दिले यावर ठरते. २०१९ मध्येच आलेले सायबर्ट हे वैज्ञानिक मजकुरासाठीचे प्रसिद्ध भाषा-प्रारूप सुमारे ११ लाख ४० हजार निबंधांवर घडवले गेले. त्यांतील ८२ टक्के जीववैद्यकाचे आणि उरलेले १८ टक्के संगणकशास्त्राचे होते, म्हणजे चंबळच्या खोऱ्यातील मोहरीवरील रोगाचा अहवाल वाचण्याचे शिक्षण त्याला खास मिळालेले नव्हते. मजकूर मोठा केल्याने विश्वासार्हता आपोआप येते असेही नाही. मेटा कंपनीचे गॅलॅक्टिका हे कोट्यवधी निबंधांवर शिकवलेले प्रारूप नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आले आणि चुकीची विधाने व अस्तित्वात नसलेले संदर्भ आत्मविश्वासाने लिहू लागल्याने तीन दिवसांत मागे घ्यावे लागले. म्हणूनच विषय जाणणाऱ्या माणसाने मजकुरावर खुणा करून तयार केलेला संग्रह, ज्याला ॲनोटेशन केलेला संग्रह म्हणतात, तोच या कामाचा पाया आहे. दोन जाणकारांच्या खुणा कितपत जुळतात हे मोजल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही.

अशा जाणकारांची ग्वाल्हेरला वाण नाही. १९९७ मध्ये स्थापन झालेली आणि २०१४ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळालेली अटलबिहारी वाजपेयी भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था, १९४६ पासूनचे गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय, रासायनिक व जैविक संरक्षणावर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आणि २००८ मध्ये सुरू झालेले राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ या चारही संस्था एकाच शहरात आहेत. संगणक जाणणारे आणि विज्ञान जाणणारे इतके जवळ असणे हे मोठ्या महानगरांनाही सहज लाभत नाही.

येथे एक प्रश्न तर थेट दाराशीच उभा आहे. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्य प्रदेशाने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित केली. त्यांत बहुतेक पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवून देवनागरीत लिहिले आहेत. असा मिश्र मजकूर इंग्रजी निबंधांवर वाढलेल्या यंत्राला परका असतो, आणि हिंदी वाक्यरचनेत बसलेली इंग्रजी संज्ञा ओळखून ती मूळ इंग्रजी संज्ञेशी जोडणे हा डॉक्टरेटच्या पातळीचा विषय होऊ शकतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत वाढलेल्या विद्यार्थ्यांना मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा अवगत असतात. त्यांच्यासमोर मराठी विश्वकोशाचे वीस खंड आणि १९२८ पासून निघणाऱ्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाचे अंक हाही तितकाच मोलाचा, यंत्राने फारसा न वाचलेला मजकूर आहे.

या वाटेवर येणाऱ्याला पायथॉन, संख्याशास्त्र आणि यंत्रशिक्षण आले पाहिजे, पण वैद्यक, रसायन किंवा कृषी यांपैकी एका विषयाची खरी समजही हवी. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये मिळतात. पुढे विद्यापीठांखेरीज औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारे विभाग, पेटंट-शोध आणि १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टाटा संशोधन केंद्रासारख्या उद्योगांच्या प्रयोगशाळा आहेत.

अडचण आहे ती मजकूर मिळवण्याची. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने सरकारी संस्थांना सुमारे १३,००० आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली केली, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु निबंध वाचण्याची मुभा आणि लाखो निबंध यंत्राला पुरवण्याची मुभा या वेगळ्या बाबी आहेत, आणि १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात दुसरीसाठी स्पष्ट तरतूद नाही. ही तरतूद संसदेने करावी. तोवर ग्वाल्हेरच्या चारही संस्थांनी आपले स्वतःचे प्रबंध आणि अहवाल एकत्र करून, विद्यार्थ्यांकडून त्यांवर खुणा करवून घेऊन, ते सर्वांना खुले करावेत. त्यासाठी कोणा प्रकाशकाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.