जुना डिजिटल कॅमेरा घेताना : कॅनन ५डी मार्क २ की निकॉन डी ७००?

लग्नसराई जवळ आली की छायाचित्रणाच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांची एक विचारणा ठरलेली असते. हाताशी रक्कम बेताची आहे, कर्ज काढायचे नाही, मग कॅमेरा कोणता घ्यावा? नवा फुलफ्रेम मिररलेस कॅमेरा आणि त्याच्या चांगल्या लेन्स घ्यायच्या म्हटल्या तर रक्कम लाखांच्या घरात जाते. मग हप्त्यांचा तक्ता पुढे केला जातो आणि हप्त्याच्या पाठोपाठ व्याज येते. हलाल रोजीसाठी धंदा काढायचा आणि त्याचा पायाच व्याजावर घालायचा, हे आपल्यापैकी अनेकांना मान्य नाही. अशांसाठी एक सरळ वाट आहे. भिशीच्या किंवा घरच्या बचतीच्या पैशातून, रोखीने, एखादा जुना पण भक्कम डिजिटल एसएलआर घेणे.

जुन्या बाजारात कॅमेरे पुष्कळ आहेत. धंद्याच्या दृष्टीने ज्यांची तुलना वारंवार होते असे दोन कॅमेरे आम्ही या लेखासाठी निवडले आहेत. कोणत्याही कंपनीची जाहिरात करणे हा आमचा हेतू नाही. कष्टाचा पैसा योग्य वस्तूवर पडावा एवढीच इच्छा आहे.

दोघांची ओळख

निकॉन डी ७०० जुलै २००८ मध्ये जाहीर झाला आणि कॅनन ईओएस ५डी मार्क २ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. अमेरिकेत तेव्हा नुसत्या बॉडीची किंमत निकॉनसाठी २,९९९ डॉलर आणि कॅननसाठी २,६९९ डॉलर होती. दोन्ही कॅमेरे फुलफ्रेम, म्हणजे सेन्सरचा आकार जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, सुमारे ३६ बाय २४ मिलिमीटर. २०१२ मध्ये दोघांच्याही जागी पुढची मॉडेल आली आणि हे दोघे जुन्या बाजारात उतरू लागले. आज त्यांना दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीही चांगल्या हातांत राहिलेला नग आजही कमाई करून देतो, कारण फोटो छापायचा कागद बदललेला नाही आणि मांडवातला उजेडही बदललेला नाही.

अल्बमचा हिशोब

कॅननमध्ये २१.१ मेगापिक्सेल आहेत आणि निकॉनमध्ये १२.१. आकडा ऐकून ग्राहक लगेच कॅननकडे झुकतो, म्हणून हा हिशोब कागदावर मांडून पाहू. कॅननचे चित्र ५६१६ बाय ३७४४ ठिपक्यांचे असते, निकॉनचे ४२५६ बाय २८३२ ठिपक्यांचे. आपल्याकडे लग्नाचा जो १२ बाय ३६ इंची अल्बम चालतो, त्याचे एक पान १२ बाय १८ इंचांचे होते. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. या मापाने कॅननचे चित्र सुमारे १८.७ बाय १२.५ इंच भरते, म्हणजे एक पूर्ण पान जसेच्या तसे. निकॉनचे चित्र त्याच पानावर ताणले तर इंचाला सुमारे २३६ ठिपके पडतात. हातात अल्बम घेऊन पाहणाऱ्या पाहुण्याला हा फरक सहसा जाणवत नाही. मात्र फोटोचा निम्मा भाग कापून पानभर मोठा करायचा असेल, किंवा दुकानावर मोठा फलक छापायचा असेल, तर कॅननचे जादा ठिपके कामी येतात.

कारागिरांच्या दृष्टीनेही ही बाब महत्त्वाची आहे. हिमरूचे कापड, मिरजेच्या सतारीवरील नक्षी, जरीचे काम अशा मालाचा फोटो गिऱ्हाईक मोठा करून पाहते आणि मग मागणी नोंदवते. अशा कामात कॅमेरा तिपाईवर असतो, उजेड आपल्या हातात असतो आणि वस्तू हलत नाही. येथे कॅननचे पारडे निःसंशय जड आहे.

याची दुसरी बाजूही पाहावी. ठिपके जास्त म्हणजे फाईल मोठी. कार्ड, हार्ड डिस्क आणि संगणक या सर्वांवर भार पडतो. घरचा संगणक जुना असेल तर हजार-दीड हजार फोटो निवडताना निकॉनच्या लहान फायली पुष्कळ वेळ वाचवतात.

मांडवातला अंधार

निकाहचा प्रसंग बहुधा रात्रीचा, हॉलमधला. रंगीत दिव्यांचा झगमगाट असला तरी चेहऱ्यावर उजेड कमीच पडतो. अशा ठिकाणी ठिपक्यांपेक्षा फोकस महत्त्वाचा, कारण अस्पष्ट आलेला फोटो कितीही मोठा असला तरी टाकूनच द्यावा लागतो.

निकॉनमध्ये फोकसचे ५१ बिंदू आहेत आणि त्यांपैकी मधले १५ आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे आहेत. कॅननमध्ये निवडता येणारे ९ बिंदू असून केवळ मधला एकच तसा आहे. कडेचे बिंदू मंद उजेडात चाचपडतात. कॅनन वापरणारे अनुभवी छायाचित्रकार म्हणूनच मधल्या बिंदूने फोकस घेतात आणि मग चौकट सरकवतात. ही सवय लावून घेता येते, पण वराती पुढे सरकत असताना किंवा मुले धावत असताना ती पुरी पडत नाही. वेगातही निकॉन पुढे आहे. तो सेकंदाला ५ फोटो घेतो, कॅनन ३.९.

कमी उजेडात काढलेल्या फोटोंतील दाणेदारपणा दोघांचाही छपाईत जवळपास सारखाच येतो. फरक पडतो तो काळोखा भाग नंतर संगणकावर उजळताना. कॅननच्या फायलीत सावलीचा भाग फार उजळला तर पट्टे उमटू लागतात. काळी शेरवानी आणि मागे अंधारा मंडप असा फोटो असेल तर हे लगेच दिसते. निकॉनची फाईल या बाबतीत अधिक सोशिक आहे.

निकॉनच्या बॉडीत एक छोटा फ्लॅश आहे, कॅननमध्ये तो नाही. या छोट्या फ्लॅशचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्याच्या इशाऱ्यावर निकॉनचे वायरलेस सोयीचे दुसरे फ्लॅश दूर ठेवून चालवता येतात, वेगळा ट्रिगर विकत घ्यावा लागत नाही.

वजनाचा विचारही करावा. बायकांच्या बाजूचे फोटो स्त्रीनेच काढावेत असा अनेक घरांचा आग्रह असतो. घरची मर्यादा सांभाळून करता येण्यासारखा हा व्यवसाय आपल्या मुलींसाठी खुला आहे. चार-पाच तास हातात धरायचा कॅमेरा त्यांनी आधी उचलून पाहावा. बॅटरीशिवाय कॅननची बॉडी ८१० ग्रॅम भरते, निकॉनची ९९५ ग्रॅम. वर लेन्स आणि फ्लॅश यांचे वजन वेगळे.

व्हिडिओचा प्रश्न

येथे तुलना एका वाक्यात संपते. डी ७०० मध्ये व्हिडिओ नाही. कॅननमध्ये फुल एचडी व्हिडिओ आहे, परंतु घेण्यापूर्वी त्याचे फर्मवेअर तपासावे. सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये सेकंदाला फक्त ३० चौकटींचा वेग होता, २५ चौकटींची सोय २०१० मध्ये फर्मवेअर बदलून देण्यात आली. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटखाली २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवल्यास चित्र लुकलुकत नाही. हेही लक्षात असू द्यावे की एक तुकडा फुल एचडीमध्ये सुमारे १२ मिनिटांपर्यंतच चालतो आणि फोकस हातानेच सांभाळावा लागतो. पूर्ण खुतबा आणि निकाह एका सलग चित्रणात घेण्यासाठी हा कॅमेरा नाही.

लेन्स : आजचा खर्च, उद्याचा विचार

बॉडी पाच-सात वर्षांत बदलते, लेन्स टिकते. म्हणून लेन्सचा विचार आधी करावा.

निकॉनच्या बॉडीत फोकसची मोटर आहे. त्यामुळे मोटर नसलेल्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सही तिच्यावर आपोआप फोकस करतात आणि १९७७ नंतरच्या एआय जातीच्या हाताने फिरवायच्या लेन्सही चालतात. कमी पैशात चांगली लेन्स मिळवण्याचा हा मोठा मार्ग आहे. उलट निकॉनच्या नव्या एएफ-पी लेन्स या बॉडीवर चालत नाहीत. कॅननची ईएफ माळ १९८७ पासूनची असून मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे कोणतीही ईएफ लेन्स घ्या, ती काम करते.

ज्यांच्याकडे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आहे, त्यांनी सावध असावे. कॅननची ईएफ-एस लेन्स ५डी मार्क २ वर बसतच नाही. निकॉनची डीएक्स लेन्स डी ७०० वर बसते, पण चित्र कापले जाऊन सुमारे ५ मेगापिक्सेलच उरतात.

उद्या बरकत झाली आणि मिररलेस घेतला तर काय? कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या अडॅप्टरवर नव्या आर मालिकेत पूर्ण फोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस लेन्स फोकस करतात, पण जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हाताने फिरवावा लागतो. म्हणजे आज स्वस्त मिळालेली लेन्स उद्या अर्ध्याच कामाची ठरू शकते. बॅटरीबाबतही कॅननची बाजू सोयीची आहे. एलपी-ई ६ घराण्याची बॅटरी पुढच्या अनेक मॉडेलांत चालू राहिली. निकॉनने मात्र नंतरच्या कॅमेऱ्यांसाठी एन-ईएल ३ई सोडून दुसरी बॅटरी आणली.

घेण्यापूर्वीची तपासणी

मुंबईतील फोर्टच्या बोराबाजारात घ्या, आपल्या गावातील छायाचित्रकाराकडून घ्या, तपासणी तीच.

१) शटर : दोन्ही कॅमेऱ्यांचे शटर १,५०,००० वेळा चालेल अशा बेताने बनवले आहे. निकॉनने काढलेल्या मूळ फाईलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो. कॅननचा आकडा केबल लावून, वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. विक्रेता त्यास नकार देत असेल तर कारण समजून घ्यावे.

२) सेन्सर : एफ १६ वर पांढऱ्या कागदाचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहावा. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही.

३) कार्डाची खाच : दोन्ही कॅमेऱ्यांत सीएफ कार्ड लागते. आत बारीक पिना असतात. त्यांतील एक जरी वाकलेली असली तरी सौदा सोडावा.

४) बॉडी : डी ७०० चे रबर फुगून सुटते. ते नव्याने चिकटवता येते, पण भावात वजा करावे. फ्लॅशची खाच फ्लॅश लावूनच तपासावी.

५) बुरशी : कोकणातील दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते. बॅटरीचा झोत लेन्समधून आरपार टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स घेऊ नये. घेतल्यावर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

६) बिल : बॉडीवरील क्रमांक आणि बिलावरील क्रमांक एक असावा. बिल नसेल तर विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीची पावती घ्यावी. चोरीचा माल स्वस्त मिळाला तरी तो हराम आहे आणि कायद्यानेही गुन्हा आहे.

ऐब सांगून विकणे

जुन्या वस्तूच्या व्यवहारात आपल्या धर्माची शिकवण अगदी स्पष्ट आहे. बाजारात ओले धान्य ढिगाखाली दडवून विकणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हटकले होते, हा प्रसंग आपण सर्व जाणतो. कॅमेऱ्याचे शटर बदललेले असणे, तो पाण्यात पडलेला असणे, या गोष्टी त्या ओल्या धान्यासारख्याच आहेत. ऐब सांगून कमी भावात विकण्यात कमीपणा नाही. लपवलेला ऐब नंतर उघड झाला तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क फिकहने दिलेला आहे. वाद टाळण्यासाठी दोघांनी मिळून तपासणीची मुदत ठरवावी आणि ती पावतीवर लिहावी.

फोटो ही अमानत आहे

या दोन्ही कॅमेऱ्यांत कार्डाची खाच एकच आहे. कार्ड बिघडले तर दुसरी प्रत नाही, आणि निकाह पुन्हा होत नाही. म्हणून एका मोठ्या कार्डाऐवजी दोन-तीन लहान कार्डे वापरावीत आणि निकाह होताच कार्ड बदलावे. रात्री घरी जाताच दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती काढाव्यात, मगच झोपावे. त्या घरच्या स्त्रियांचे फोटो परवानगीवाचून कोठेही टाकू नयेत. कॅमेरा विकताना कार्ड सोबत देऊ नये, कारण पुसलेले फोटो परत काढता येतात. आपल्या धंद्याचे नाव यावरच टिकते.

आमचा सल्ला

ज्यांचे काम मुख्यतः निकाह, वलिमा आणि घरगुती समारंभांचे आहे आणि व्हिडिओ दुसरा माणूस करणार आहे, त्यांनी डी ७०० घ्यावा. ज्यांचे काम मालाचे फोटो, स्टुडिओ आणि मोठी छपाई असे आहे, किंवा ज्यांना थोडाफार व्हिडिओ हवा आहे, त्यांनी ५डी मार्क २ घ्यावा. पुढे मिररलेसकडे जाण्याचा बेत असेल तरीही कॅननच सोयीचा. भाऊ, मित्र किंवा शेजारी यांच्याकडे एखाद्या कंपनीच्या लेन्स असतील तर त्याच कंपनीकडे जावे. उसनी लेन्स वेळेला फार मोठी मदत असते.

सगळी रक्कम बॉडीवर घालू नये. ५० मिलिमीटरची एक लेन्स, एक फ्लॅश, दोन बॅटऱ्या आणि कार्डे यांसाठी निदान एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवावी. कंपनीच्या दुरुस्तीवर आता या कॅमेऱ्यांसाठी भिस्त ठेवता येत नाही. त्यामुळे पहिल्या हंगामाच्या कमाईतून थोडे बाजूला काढून दुसरी साधी बॉडी जोडीला घ्यावी. तोपर्यंत मोठे काम घेताना एखाद्या भरवशाच्या सोबत्याचा कॅमेरा हाताशी असू द्यावा. एवढी तयारी ठेवली तर व्याज न देता उभा केलेला हा छोटा धंदा, इन्शाअल्लाह, घर चालवील.