पिवळ्या पायांची वंशावळ

जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या एकाच पूर्वजापासून, लाल रानकोंबड्यापासून आल्या, असं डार्विनचं मत होतं. 2008 साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लेइफ अँडरसन यांच्या गटाने कोंबडीच्या पायांना पिवळा रंग देणारं जनुक तपासलं, तर ते लाल रानकोंबड्याचं निघेना. ते जुळलं करड्या रानकोंबड्याशी. हा पक्षी फक्त भारतात सापडतो, आणि आपल्या सह्याद्रीत तो पहाटे आरवतो. म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या शेतावरची पिवळ्या पायांची कोंबडीही आपल्या डोंगरांचा एक अंश कातडीत घेऊन फिरते आहे!

भाईंदरजवळ डोंगरीला आमच्या परसात एक कोंबडी आली, तेव्हा मला आधी हेच आठवलं. कुणी तरी टाकून दिलेली, पाठ उघडी पडलेली, तुरा फिका. जात कोणती, ते कुणालाच सांगता येईना. कडकनाथ म्हणावी तर काळी नाही, असील म्हणावी तर उंच नाही. पण जातीचं नाव कळलं नाही म्हणून अडत नाही. कोंबडीच्या अंगावर तिचा इतिहास लिहिलेला असतो, आणि तिला बरं कसं करायचं हेही तिथूनच कळतं.

पायांचंच बघा. हा पिवळा रंग मका आणि हिरव्या पाल्यातून येतो. कोंबडी अंडी देऊ लागली की तोच रंग बलकाकडे वळतो आणि शरीरावरून ओसरू लागतो: आधी गुदद्वाराभोवतीची कातडी, मग डोळ्यांची कड, मग चोच आणि सगळ्यात शेवटी पाय. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परत चढतो. पाय पांढुरके आणि चोच मात्र पुन्हा पिवळी, याचा अर्थ बाईंनी खूप अंडी दिली आणि अलीकडेच थांबवली. जमाखर्चाची वहीच ती! पाय मुळातच पांढरे किंवा काळपट असतील तर मात्र ही वही वाचता येत नाही.

मग चोच पाहावी. टोक कापलेलं असेल तर ती बहुतेक अंड्यांच्या पोल्ट्रीतून आलेली असते. पिंजऱ्यात एकमेकींना टोचू नये म्हणून पिल्लूपणीच ते छाटतात. आमच्या कोंबडीची चोच शाबूत होती.

यानंतर छातीचं मधलं हाड चाचपायचं. ते सुरीसारखं हाताला लागलं तर उपासमार झाली आहे. अशा पक्ष्यापुढे एकदम खाणं ओतू नये. आधी पाणी, मग भिजवलेली कणी थोडी थोडी. बाकीच्या कोंबड्यांपासून काही आठवडे तरी तिला लांब ठेवावं, कारण मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एका पक्ष्याबरोबर येऊन सगळं खुराडं रिकामं करू शकते. लस आणि जंताचं औषध पशुवैद्याला विचारूनच द्यावं.

तुरा फिका असेल तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जावं. रक्त पिणारे लाल किडे दिवसा फळ्यांच्या फटीत लपतात आणि अंधारात बाहेर येतात, त्यामुळे दुपारी कितीही शोधलं तरी कोंबडी स्वच्छच दिसते. पायांवरचे खवले उचललेले असतील तर त्यांच्याखाली वेगळे किडे घर करून असतात. ते खवले ओढून काढू नयेत. खोबरेल चोळून मऊ करावेत, बाकीचं पशुवैद्यावर सोपवावं.

आता पिसं. पीस मुळासकट उपटलं गेलं असेल तर त्या जागी लगेच नवं येतं. पण अर्धं तुटून खुंट राहिला असेल, तर शरीराच्या लेखी ते पीस अजून जागेवरच आहे. ते पिसं झडायच्या हंगामापर्यंत तसंच राहतं. म्हणून उघडी पाठ महिनोन् महिने उघडी दिसली तरी धीर सोडू नये. नवं पीस फुटतं तेव्हा ती निळसर, रक्ताने भरलेली नळी असते. तिला धक्का लागला तर रक्त वाहतं, म्हणून त्या दिवसांत कोंबडीला उगाच उचलू नये. पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच असतं, आणि त्यासाठी उत्तनच्या किनाऱ्यावर वाळणारा जवळा फार कामाचा. फक्त तो बिनमिठाचा हवा. जास्त मीठ कोंबडीला विषासारखं बाधतं.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मातीची. तारेच्या पिंजऱ्यात वाढलेली कोंबडीसुद्धा मातीत न्हाण्याची सगळी क्रिया नुसत्या तारेवर करत राहते: बसते, पंख फडफडवते, नसलेली धूळ पिसांत ओढते. ही क्रिया ती कुणाकडून शिकत नाही. कोरडी माती मिळाली की ती कुशीवर पडते, पायाने माती उडवते, पिसांच्या मुळाशी घोळवते, मग उठून एकदाच जोरात झटकते. पिसांवरचं जुनं, शिळं तेल धुळीबरोबर निघून जातं. पावसाळ्यात आपल्याकडे कोरडी माती मिळत नाही, तेव्हा छपराखाली एका घमेल्यात माती आणि थोडी राख ठेवावी.

अंडी परत सुरू झाली की चुना लागतो. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तेवढं एका रात्रीत जमवायला कोंबडी हाडांतला साठा वापरते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला तर ती हवा तेव्हा, विशेषतः संध्याकाळी, स्वतः टिपते.

आणि एक दिवस आमची कोंबडी खुडूक बसली. जातीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या पोल्ट्रीच्या कोंबड्यांतून हा गुण माणसाने निवडून निवडून जवळजवळ घालवला आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते. म्हणजे ही गावठीच, निदान बरीचशी. पण पहिल्या खेपेला तिला बसू देऊ नये. खुडूक कोंबडी दिवसाकाठी जेमतेम एकदा उठते, थोडंच खाते आणि वजन गमावते. पिसं भरली, छातीचं हाड बोचेनासं झालं की पुढच्या खेपेला तिच्याखाली अंडी ठेवावीत, तीही कोंबडा असलेल्या शेजाऱ्यांकडून आणलेली. आपल्या परसात कोंबडा नसेल तर तिची स्वतःची अंडी 21 दिवस उबवूनही फुटणार नाहीत.