फर्दापूरचा मुक्काम : सराईपासून कॅराव्हॅनपर्यंत

अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवायची आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचे, अशी व्यवस्था आहे. दिवसाच्या पाहुण्याला एवढे पुरते. पण ज्याचे घर आणि ऑफिस दोन्ही गाडीतच आहे, त्याने रात्री गाडी उभी करायची कुठे?

हा प्रश्न या वाटेला नवा नाही. फर्दापूरला मुघलकालीन सराई आहे. १९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी येथे आल्या. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार असे तरुण चित्रकार होते. ही मंडळी तंबूंत राहिली. कामाच्या जागेजवळ मुक्काम, हीच त्यांचीही गरज होती. सराई असो वा तंबू, मुक्कामाला नुसती मोकळी जागा पुरत नाही. पाणी, राखण आणि जागामालकाची संमती लागते.

आजच्या प्रवाशाच्या गरजांत वीज आणि नेटवर्कची भर पडली आहे. विजेचा हिशेब सोपा आहे. साठ वॅटचा लॅपटॉप आठ तास चालला तर साधारण अर्धा युनिट लागतो. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.२ युनिट साठतात. पण ती शिशाची असेल तर निम्मीच वापरावी. म्हणजे जेमतेम एक दिवस. एसी लावायचा तर बाहेरून जोडणी हवीच. नेटवर्कचे म्हणाल तर दरीत लहरी अडतात. म्हणून मीटिंग ठरवण्यापूर्वी मुक्कामाच्या जागेवरूनच एक व्हिडिओ कॉल लावून पाहावा. लेणी सोमवारी बंद असतात. तो दिवस कामासाठी राखावा.

जागेचे पर्याय मोजकेच आहेत. फर्दापूरला पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे. तेथे किंवा एखाद्या लॉजवर आधी फोन करून आवारात गाडी लावण्याची परवानगी विचारावी. एक खोली घेतली तर न्हाणीघर आणि प्लग दोन्ही मिळतात. संभाजीनगर–जळगाव रस्त्यावरच्या ढाब्याच्या आवारात एखादी रात्र निघते, पण ट्रकच्या आवाजात मीटिंग होत नाही. शेतकऱ्याच्या खळ्यावर त्याला विचारून, ठरलेले पैसे देऊन राहता येईल. रस्त्याच्या कडेला किंवा जंगलात मात्र थांबू नये.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले गाडीतळ हा त्याचा गाभा. यांतल्या सांडपाण्याकडेच प्रवाशाचे सर्वांत कमी लक्ष असते. लेण्यांसमोरून वाहणारी वाघूर पुढे तापीला मिळते आणि वाटेत तिच्यावरच्या धरणातून जळगाव शहराला पिण्याचे पाणी जाते. फर्दापूरच्या ओढ्यात रिकामी केलेली शौचालयाची टाकी कुणाच्या तरी हंड्याच्या वाटेवर जाते. म्हणून जागा विचारताना पहिला प्रश्न ‘गाडी लावू का?’ हा नसावा. ‘टाकी कुठे रिकामी करू?’ हा असावा. ज्याच्याकडे याचे उत्तर आहे, तीच आजची सराई.