हरवलेल्यांची नोंद कोणी ठेवायची?

१४ जून १९६९. अमेरिकेतील टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या स्पेन्स फील्ड नावाच्या गवताळ डोंगरमाथ्यावर एक कुटुंब सहलीला आले होते. झाडीआडून अचानक पुढे येऊन मोठ्यांना दचकवायचे, असा बेत मुलांनी केला. बाकीची मुले हसत बाहेर आली. सहा वर्षांचा एक मुलगा मात्र आला नाही. काही मिनिटांतच वडील हाका मारत धावले. त्यानंतर मुसळधार पाऊस सुरू झाला, ओढे भरले आणि पावलांचे ठसे वाहून गेले.

पुढचे दिवस अफाट शोध चालला. रेंजर, स्वयंसेवक, सैनिक, हेलिकॉप्टरे असे सगळे आले. ऐन भरात शोधकांची संख्या सुमारे १,४०० होती. मुलगा सापडला नाही. आजतागायत त्याचा मागमूस नाही. नंतर विचार करताना तज्ज्ञांच्या ध्यानात आले की चौदाशे माणसांच्या पायांखाली उरल्यासुरल्या खुणाही गेल्या असणार. आधी परिसर राखायचा, थोडी पण शिकलेली माणसे पाठवायची, खुणा शोधायच्या आणि मग मनुष्यबळ वाढवायचे, हा धडा या घटनेने दिला. शोधकार्याच्या प्रशिक्षणात तिचा दाखला आजही देतात.

शोध कसा घ्यावा हे त्यातून कळले. शोध संपल्यावर काय, हा प्रश्न मात्र राहिला. माणूस सापडला नाही तर त्याचे नाव कोणत्या वहीत राहते, ती वही कोणाच्या ताब्यात असते आणि पुन्हा ती कोण उघडतो?

नोंदीचा उपयोग

नोंद म्हणजे कागदी सोपस्कार, असा आपला समज असतो. हरवलेल्या माणसांच्या बाबतीत तो खरा नाही. विल्यम सायरोटक या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ साली २२९ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस शेवटचा कुठे दिसला, कुठे सापडला आणि या दोन ठिकाणांतले अंतर किती, असे साधेच प्रश्न त्याने विचारले. पुढे रॉबर्ट केस्टर यांनी पन्नास हजारांहून अधिक घटनांची माहिती जमवली आणि २००८ साली त्यावर पुस्तक लिहिले. आज अनेक देशांतील शोधपथके ते हाताशी ठेवतात.

या आकडेवारीतून निघालेल्या काही गोष्टी अनुभवी माणसालाही सहज सुचणार नाहीत. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा समोर दिसेल तसा चालत राहतो आणि काटेरी झुडपात किंवा ओढ्यात अडकून थांबतो. हाकेला ओ देत नाही. अगदी लहान मूल आडोसा बघून झोपते. शोधणारा चार हातांवरून गेला तरी बोलत नाही. जीव द्यायला निघालेला माणूस बरेचदा फार लांब जात नाही. हे ज्ञान कोणा एकाच्या प्रतिभेतून आलेले नाही. कुठल्याशा कचेरीत कोणीतरी दोन ठिकाणांमधले अंतर नीट लिहून ठेवले, म्हणून ते आले. आजची अपुरी नोंद म्हणजे उद्याच्या शोधात अंदाजाने घालवलेला एक दिवस, आणि थंडी-पावसात अडकलेल्या माणसाकडे दिवस मोजकेच असतात.

जमीन एक, खाती अनेक

अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची जमीन सुमारे ६४ कोटी एकर आहे. आपल्या महाराष्ट्राच्या साधारण आठपट. तिचा सांभाळ मात्र अनेकांकडे. राष्ट्रीय उद्याने गृहखात्याशी नावसाधर्म्य असलेल्या, पण मुख्यतः जमीन आणि निसर्गसंपत्ती पाहणाऱ्या अंतर्गत खात्याकडे आहेत. राष्ट्रीय वने कृषी खात्याकडे. कोरड्या, ओसाड मुलखाचा मोठा भाग भूमी व्यवस्थापन विभागाकडे. उद्यानात माणूस हरवला तर बहुधा रेंजर शोध घेतात. वनात किंवा ओसाड मुलखात ते काम सहसा त्या परगण्याच्या शेरीफचे.

नोंद होते ती तक्रार घेणाऱ्या यंत्रणेच्या नावावर. वनात हरवलेला माणूस शेरीफच्या दप्तरात ‘बेपत्ता’ म्हणून असतो. तो वनात हरवला ही गोष्ट तपासाच्या मजकुरात कुठेतरी राहते. त्यामुळे ‘सरकारी जमिनीवर हरवून न सापडलेली माणसे किती?’ या प्रश्नाला सर्व खात्यांना धरून एक आकडा मिळत नाही. उद्यान सेवेची तपास शाखा काही प्रकरणे लोकांसमोर ठेवते, पण ती निवडक.

देशपातळीवर वह्या नाहीत असे नाही. एफबीआयच्या संगणकीय नोंदवहीत १९७५ पासून बेपत्ता व्यक्तींचा आणि १९८३ पासून अनोळखी मृतांचा विभाग आहे. तो फक्त पोलिसांसाठी. २००७ साली न्याय खात्याने ‘नेमअस’ नावाची दुसरी नोंदवही सुरू केली. तिच्यात एकीकडे बेपत्ता माणसे आणि दुसरीकडे ओळख न पटलेले देह व अस्थी यांची नोंद असते, आणि दोन्ही ताडून पाहता येतात. नातेवाईकही ती उघडू शकतात. परंतु तिच्यात नाव घालण्याची सक्ती काही राज्यांनीच केली. अल्पवयीन मुलांची नोंद पोलिसांनी विनाविलंब करावी असा केंद्रीय कायदा १९९० साली झाला. २००३ मध्ये ही मर्यादा २१ वर्षांखालील सर्वांपर्यंत वाढली. त्यापुढच्या वयाच्या माणसाचे काय होते, हे त्या त्या राज्यावर अवलंबून राहिले. दोन्ही राष्ट्रीय नोंदवह्या एकमेकींना जोडाव्यात असा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. पहिली वही उघडल्यापासून ४७ वर्षांनी!

आपला डोंगर

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे, असे म्हणून पान उलटण्याआधी हरिश्चंद्रगड डोळ्यांसमोर आणावा. ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे इथे भेटतात. नळीच्या वाटेने चढणारा मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून निघतो, कोकणकड्यावर पोहोचतो आणि अकोले तालुक्यातल्या पाचनईला किंवा जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरला उतरतो. तो मध्येच नाहीसा झाला तर तक्रार कोणत्या ठाण्यात द्यायची? अभयारण्य वनखात्याचे, प्राचीन वास्तूंशी पुरातत्त्व खात्याचा संबंध, खालच्या गावांत महसूल खाते आणि माणसाच्या शोधाची जबाबदारी पोलिसांची.

आपल्याकडे प्रौढ माणूस हरवणे हा गुन्हा नाही, म्हणून गुन्हा दाखल होत नाही. ‘मनुष्य मिसिंग’ अशी नोंद होते. मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की मूल बेपत्ता झाल्यास अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा. प्रौढांसाठी तशी व्यवस्था नाही. दुसरीकडे एखाद्या दरीत अनोळखी मृतदेह मिळाला की ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून वेगळी नोंद होते. एका जिल्ह्यातल्या मिसिंगचा आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या अकस्मात मृत्यूचा मेळ घालणे, हे खरे काम. ठाणी संगणकाने जोडली गेली असली, तरी पावसाळ्यानंतर सापडलेल्या हाडांवरून तीन वर्षांपूर्वीचा माणूस ओळखायला कपडे, दात, जुनी शस्त्रक्रिया, नातेवाइकांचा डीएनए हा तपशील पहिल्याच दिवशी लिहिलेला असावा लागतो.

डोंगरात प्रत्यक्ष उतरतात ते बहुधा गिर्यारोहक आणि गावकरी. त्यांच्या संस्थांनी एकत्र येऊन समन्वय केंद्र उभारले आहे. प्रत्येक वाट, प्रत्येक घळ त्यांच्या डोक्यात आहे. पण माणूस नेमका कुठे सापडला, ही माहिती डोक्यात राहिली तर ती त्या माणसांबरोबरच जाईल. आणि नोंदीची जागा रिकामी राहिली की दंतकथा ती भरतात. अमेरिकेत उद्यानांतल्या गूढ बेपत्ता प्रकरणांवर पुस्तकांच्या मालिका निघतात. आपल्याकडे ‘चकवा लागला’ म्हणतात. चकव्याची हकिकत ऐकायला बरी, पण पुढच्या शोधपथकाला ती वाट दाखवत नाही.

काय करता येईल?

फार मोठी यंत्रणा लागेल असे नाही. आहे त्या मिसिंगच्या नमुन्यात चार रकाने वाढवले तरी पुष्कळ होईल: माणूस शेवटचा दिसला त्या जागेचे अक्षांश-रेखांश; ती जमीन कोणत्या खात्याची; कोणता भाग, कोणी आणि किती वेळ शोधला; आणि तो सापडला तर कुठे, किती अंतरावर, कोणत्या स्थितीत. शोध थांबवणे आणि प्रकरण बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात. न सापडलेल्या प्रत्येकाची फाइल वर्षातून एकदा, शक्यतो पाने गळून रान उघडे पडल्यावर, पुन्हा पाहावी. जमिनीची मालकी असलेल्या खात्याने दरवर्षी आपल्या हद्दीतला आकडा प्रसिद्ध करावा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रौढ माणसाला घर सोडून जाण्याचा हक्क आहे. त्याचे नाव चव्हाट्यावर का आणावे? म्हणूनच दोन पातळ्या हव्यात. नावानिशी नोंद पोलिसांकडे आणि कुटुंबाकडे. नावाविना जागा, अंतर, दिवस एवढेच अभ्यासकांसाठी व शोधपथकांसाठी खुले.

आपल्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे माणसाची काहीच खबर नसेल, तर तो मरण पावला असे मानता येते. तोवर विमा, सातबाऱ्यावरचे नाव असे सगळे अधांतरी असते. कुंकू लावायचे की नाही, वर्षश्राद्ध घालायचे की नाही, हेही त्या घरातल्या बाईला कोणी सांगू शकत नाही. ती ठाण्यात जाते तेव्हा तिचा प्रश्न साधा असतो: माझ्या माणसाला तुम्ही कुठवर शोधलेत? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून निदान एक नकाशा तिच्यापुढे ठेवता यावा. कुठे कुठे पाहिले आणि कुठे पाहायचे राहिले, हे त्यावर लिहिलेले असावे.