नाल्यावर गाडीचा अल्टरनेटर: किती वीज, किती गैरसमज

भंगारात गाडीचा अल्टरनेटर स्वस्तात मिळतो. त्यावर '12 व्होल्ट, 60 अँपिअर' असं लिहिलेलं असतं. गुणाकार केला की 720 वॉट. शेताकडेला नाला वाहतोच आहे, मग त्यावर घरचे पंखे-दिवे का चालू नयेत, असं नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला वाटलं तर त्यात नवल नाही. कल्पना चांगलीच आहे. फसगत होते ती त्या आकड्यापाशी.

तो आकडा अल्टरनेटर मिनिटाला सुमारे 6000 फेरे घेत असतानाचा असतो. हजारभर फेऱ्यांच्या खाली तो बॅटरीला जवळपास काहीच देत नाही. साधं पाणचक्र मात्र मिनिटाला 10-15 फेरे घेतं. तिथून 1500 गाठायचे तर वेग शंभरपट वाढवावा लागतो, आणि पट्ट्याच्या प्रत्येक टप्प्यावर थोडी ताकद वाया जाते. मोठ्या जलविद्युत केंद्रांतली जनित्रं बरीच सावकाश फिरूनही वीज देतात, कारण त्यांच्यात चुंबकीय ध्रुवांच्या कितीतरी जोड्या असतात. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये त्या सहसा सहाच.

दुसरा समज असा, की फिरवला की वीज आलीच. पण त्यात कायमचं चुंबक नसतं. ब्रशमधून फील्ड कॉइलला 3-4 अँपिअर दिले की ती चुंबक बनते. म्हणजे 40-50 वॉट आधी खर्ची घालायचे! गाडीत हे जाणवत नाही, नाल्यावर फार जाणवतं.

पाण्याचा खळखळाटही फसवा असतो. ताकद ठरते ती पाणी किती आणि किती उंचीवरून पडतं यावर. सेकंदाला 1 लिटर पाणी 1 मीटर खाली आलं, तर त्यात जेमतेम 9.8 वॉट असतात. 20 लिटरचा नाला 1 मीटर पडला तर 196 वॉट. त्यातले निम्मे चक्रातच जातात, 40 फील्ड खाते. पट्टा, डायोड आणि तारेचा वाटा वजा जाता दोन-तीन एलईडी दिव्यांपुरती वीज उरते. नागपूरच्या सपाटीवर उंची मिळणं कठीण. शिवाय पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, आणि पंखा लागतो तो मे महिन्यात, नाला कोरडा असताना.

डोंगराळ भागात चित्र पालटतं. पाइपातून 30 मीटर खाली आलेल्या पाण्याची धार सेकंदाला 24 मीटर वेगाने सुटते. 10 सेंटिमीटर व्यासाचं पेल्टन चाक त्या धारेवर मिनिटाला 2000 च्या पुढे फिरतं, पट्टाही लागत नाही. मेळघाटासारख्या चढउताराच्या मुलखात, जिथे झरा टिकतो तिथे, हा प्रयोग खरोखर करण्याजोगा आहे.

मात्र 'गाडीत वर्षानुवर्षं टिकतो, इथेही टिकेल' हा हिशेब चुकीचा. दीड लाख किलोमीटर, ताशी सरासरी 40 धरले, तर 3750 तास होतात. रात्रंदिवस चालणाऱ्या चाकावर तेवढे तास पाच महिन्यांत भरतात. ब्रश आणि बेअरिंग बदलायची तयारी हवी. आणि चालू अल्टरनेटरची बॅटरीची तार कधीही काढू नये, व्होल्टेज उसळून डायोड जळतात.

म्हणून खरेदीआधी मोजणी करावी. 15 लिटरची बादली 3 सेकंदांत भरली, तर प्रवाह सेकंदाला 5 लिटर. उंचीसाठी गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. उंची 2-3 मीटरच निघाली, तर अल्टरनेटर सोडून जुन्या ई-बाइकची हब मोटर शोधावी. तिच्यात कायमची चुंबकं असतात आणि ती मिनिटाला 200-300 फेऱ्यांतही वीज देते.