स्टील लावलं तरी तुटतंच! नायट्रो ट्रकची ड्राईव्हट्रेन मजबूत कशी करायची?

आजचा एपिसोड एका व्हॉइस मेसेजवर. लालबागचा एक श्रोता विचारतो, "दादा, पैसे साठवून रिमोटच्या नायट्रो ट्रकला स्टीलचा स्पर गिअर बसवला. दुसऱ्याच रविवारी डिफ गेलं. स्टीलचं डिफ टाकलं, तर आता ड्राईव्हशाफ्ट पिळला. पुढे काय घेऊ?"

भावा, अजून काहीच घेऊ नकोस. आधी गाडीत काय तुटलेलं परवडेल, ते ठरव.

जोर कुठून कुठे जातो बघा. इंजिन, क्लच, क्लच बेल, स्पर गिअर, स्लिपर, गिअरबॉक्स, ड्राईव्हशाफ्ट, डिफ, अ‍ॅक्सल आणि शेवटी चाक. १९९९ मध्ये आलेल्या ट्रॅक्सासच्या टी-मॅक्सपासून बहुतेक नायट्रो मॉन्स्टर ट्रकची मांडणी साधारण अशीच असते. इंजिन छोटंसं, पण मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेरे मारतं. गिअरबॉक्स आणि डिफ वेग कमी करतात आणि त्या प्रमाणात जोर वाढवतात. म्हणजे चाकाकडे जावं तसा पार्टवरचा ताण वाढत जातो.

आणि खरा घात होतो उडीत. गाडी हवेत, थ्रॉटल दाबलेला, चाकं भन्नाट फिरतायत. जमिनीला टेकताच ती एकदम अडतात. तो झटका उलटा आत शिरतो आणि साखळीतली सगळ्यात कच्ची कडी शोधतो. एक कडी स्टीलची केली की झटका संपत नाही, पुढच्या कच्च्या कडीवर जातो. आपल्या श्रोत्याचं नेमकं हेच झालं.

घरात फ्यूज असतो ना? शॉर्ट झालं की तो उडतो, टीव्ही वाचतो. ट्रकमधला फ्यूज म्हणजे स्लिपर क्लच. त्याचा नट फार आवळला तर तो घसरतच नाही, आणि सगळा मार गिअरच्या दातांवर. फार सैल ठेवला तर घसरून तापतो, जळतो. माझी पद्धत सोपी: उभ्या गाडीला फुल थ्रॉटल द्यायचा. पहिले फूट-दोन फूट स्लिपर किंचित घसरल्याचा आवाज आला पाहिजे, मग गाडीने पकडलं पाहिजे. यात खर्च शून्य.

स्पर गिअर मी प्लास्टिकचाच ठेवतो. तो स्वस्त, बदलायला सोपा, दोन जास्तीचे खिशात मावतात. बसवताना स्पर आणि क्लच बेलच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, दाबून स्क्रू आवळा, पट्टी काढा. तेवढी फट बरोबर असते. बरेच स्पर गिअर मजबुतीअभावी नाही, या चुकीच्या फटीमुळे जातात.

आता पैसे कुठे घालायचे? सगळ्यात आधी बेअरिंग. बेअरिंग ढिलं झालं की शाफ्ट हलतो, गिअर तिरके भिडतात, दात उडतात. जुनं बेअरिंग घेऊन नागदेवी स्ट्रीटला जा. अनेक ट्रॅक्सास गाड्यांत ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटरचं लागतं, त्याचा नंबर एमआर११५. 'टूआरएस' म्हणजे रबरी सील, 'झेडझेड' म्हणजे पत्र्याचं झाकण. आपल्या धुळीला रबरी सील बरं. आणि गिरगाव चौपाटीच्या वाळूत गाडी घालूच नका, खारी वाळू कुठलंही सील फार दिवस सोसत नाही.

मग डिफ. हार्डन केलेले क्राऊन आणि पिनियन घ्या, पण नुसते बदलून भागत नाही. क्राऊनच्या मागे पातळ शिम घालून दोघांमधली ढिलाई काढा. हाताने फिरवल्यावर अडकायला नको आणि खडखडायलाही नको.

शेवटी ड्राईव्हशाफ्ट. "लेथवाल्याकडून बनवून घेऊ का?" असं बरेच जण विचारतात. घ्या, पण साध्या एमएसचा नको, तो मऊ असतो, पिळला जातो. ईएन२४ सांगा, हार्डनिंग आणि त्यानंतर टेम्परिंग दोन्ही करून. नुसतं हार्डनिंग केलं तर शाफ्ट पिळण्याऐवजी काचेसारखा तुटतो. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूला निळा थ्रेडलॉक लावा. प्लास्टिकला लावू नका, त्याने प्लास्टिक तडकू शकतं.

एवढी काळजी कशाला? कारण आपल्याकडे गाडी चालवणं म्हणजे दिवसभराचा कार्यक्रम. शिवाजी पार्क २०१० पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र आहे, तिथे नायट्रोचा आवाज चालणार नाही. ज्वलनशील इंधन लोकलमधून नेता येत नाही. चार मित्र, एक गाडी करून शहराबाहेर जायचं आणि पहिल्या टाकीतच डिफ फुटलं, तर रविवार गेला. परदेशातून पार्ट यायला आठवडे लागले, तर पुढचेही दोन-तीन गेले. तिथेच स्पर गेला असेल, तर थोड्या वेळात गाडी पुन्हा धावते.

तर क्रम लक्षात ठेवा: स्लिपर, फट, बेअरिंग, डिफ, शाफ्ट. आणि उडीत असताना थ्रॉटलवरचं बोट जरा उचला. हे अपग्रेड फुकट आहे.

तुमच्या गाडीत सगळ्यात आधी काय तुटतं, ते व्हॉइस मेसेजवर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!