मस्तकावरील वस्त्र आणि बास्केटबॉलचा नियम

बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे झाला. त्याच शहरातील बिल्किस अब्दुल-कादिर यांनी शालेय सामन्यांत ३,०७० गुण मिळवून मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम केला, आणि तोही हिजाब धारण करून. महाविद्यालयीन संघांतही त्या याच वेषात खेळल्या. तेथे कोणाचीही हरकत नव्हती.

२०१४ साली व्यावसायिक खेळाडू होऊ पाहताच मात्र 'फिबा' या आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम आड आला. मस्तकावरील वस्त्र निसटून कोणास इजा होईल, म्हणून त्यास मनाई होती. हा नियम केवळ मुस्लिम स्त्रियांपुरता नव्हता. त्याच वर्षी चीनमधील आशिया चषक स्पर्धेत भारताच्या दोन शीख खेळाडूंना पगडी उतरवावी लागली. कतारच्या महिला संघाने इंचॉनच्या आशियाई स्पर्धेतून माघार घेतली.

अखेर १ ऑक्टोबर २०१७ पासून नवा नियम अंमलात आला. वस्त्र काळे, पांढरे किंवा गणवेषाच्या रंगाचे असावे; चेहरा झाकू नये; मानेशी वा चेहऱ्याभोवती बंद-गाठी नसाव्यात; कोणताही भाग बाहेर लोंबू नये. एवढ्याने सुरक्षितता साधते, तर हे पूर्वीच सुचावयास हरकत नव्हती.

बिल्किस यांची उमेदीची तीन वर्षे तोवर सरली होती, आणि त्या क्रीडाशिक्षणाकडे वळल्या होत्या.